लाकूड सुकायचे दिवस

मार्गशीर्ष लागला की आमच्या डोंबिवलीच्या घराचं दार नीट लागायला लागतं. पावसाळाभर ते फुगून बसलेलं असतं, खांद्याने रेटल्याशिवाय कडी म्हणून बसत नाही. मग दिवाळी उलटते, हवा कोरडी होते आणि एका सकाळी तेच दार अलगद चौकटीत जाऊन बसतं. त्या दिवशी मी चहा जरा उशिरा करते. दारात उभी राहून उगाच दोन-चारदा उघड-मीट करते. समोरच्या वहिनी विचारतात, "काय झालं हो, कुणी येणार आहे का?" मी म्हणते, "नाही हो, लाकूड सुकलं." त्यांना काही कळत नाही. मलाही सगळं सांगत बसायचा कंटाळा येतो. पण लाकूड सुकलं की मला कोलशेतची खाडी आठवते, कल्याणचं आमचं घर आठवतं, आणि माझ्या वडिलांची सगळ्यांत मोठी लबाडी उघडकीला आली ती थंडी आठवते.

तेव्हा आम्ही पारनाक्याजवळ राहायचो. दुमजली घर, वरच्या दोन खोल्या आमच्या. घरात आई, अण्णा आणि मी, एवढीच माणसं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कल्याण स्टेशनात तारबाबू होते. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, वय एकवीस. थंडीत मुरबाडकडून गवताच्या गाड्या यायच्या. आंबिवलीकडची भातं झोडून झालेली असायची, त्यामुळे सकाळच्या वाऱ्याला पेंढ्याचा वास. त्यात बंबाचा धूर, इंजिनांच्या कोळशाचा धूर, कुणाच्या तरी घरी शिजणारे वाल. कल्याणची थंडी ती केवढीशी, पण आम्ही ती पुरेपूर वापरायचो. आई तर स्वेटर घालून घामाघूम व्हायची, पण काढायची नाही.

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. ती दिसायची मात्र नाही. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा गलेफ आईने तिला शिवला होता आणि गळ्याशी नाडी बांधली होती. खंडेनवमीला अण्णा त्या गलेफालाच हळदकुंकू वाहायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "तारबाबू, हे काय टांगलंय?" अण्णा म्हणायचे, "मित्राची ठेव आहे." आणि विषय बदलायचे.

हा मित्र म्हणजे विल्फ्रेडसाहेब. रेल्वेच्या वसाहतीत राहणारे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, उंच, लालबुंद, बोलायला लागले की दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असा आवाज. ड्यूटीवरून उतरले की ते तारऑफिसात अण्णांजवळ चहा प्यायला टेकायचे. तिथून मैत्री झाली. मी लहान असताना अण्णा मला रविवारी त्यांच्या घरी न्यायचे. तिथे व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर त्यांची बायको, ग्रेसबाई, गिटार वाजवत बसलेली असायची. पायाशी कोंबड्या फिरायच्या. मला दिलेली बिस्किटं मी त्या कोंबड्यांनाच घालायची. अण्णा मात्र चहाचा कप हातात धरून तसेच बसायचे, चहा निवून जायचा. मला वाटायचं, अण्णांना साहेबांच्या घरचा चहा आवडत नाही.

पुढे ग्रेसबाई तापाने गेल्या. स्वातंत्र्य मिळालं आणि त्यानंतरच्या वर्षी विल्फ्रेडसाहेब भावाकडे विलायतेला निघाले. त्यांची मुलगी नोरा तेव्हा नागपूरला नर्सिंग शिकत होती. जायच्या आदल्या दिवशी साहेब आमचा जिना दणदण वाजवत वर आले, गिटार अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तारबाबू, नोरा के वास्ते रखो."

अण्णा उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या त्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाले, "साहेब, फिकर नहीं. हम हात भी नहीं लगाएगा."

साहेबांनी अण्णांकडे जरा वेळ पाहिलं, मग मोठ्याने हसले आणि टोपी हलवत जिना उतरले. हसण्यासारखं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर ते अर्ध्या वाटेतून परत जायचे. ऑफिसातली टाचणी घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत. असा माणूस "हात लावणार नाही" म्हणाला, तर लावणार नाही. सहा वर्षं गलेफाची नाडी कुणी सोडली नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी भादव्यात, आम्ही जेवायला बसलो असताना, बाहेरच्या खोलीत फाडकन आवाज झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "काय पडलं गं?" आम्ही उष्ट्या हातांनी धावलो. आवाज गलेफातून आला होता. आईने नाडी सोडली. पावसाळी हवेने सरस सुटून गिटारीची घोडी, म्हणजे तारा ज्या पट्टीवर बसतात ती, उखडून आली होती आणि येताना पुढच्या फळीचा एक कपचा घेऊन आली होती. तारा सापासारख्या वेटोळ्या झालेल्या. पाठीला चीर गेलेली, तिच्यात नख जाईल एवढी. दांडाही वाकला होता. आणि पुढच्या फळीवर, मधल्या गोल भोकाच्या आसपास, पॉलिश पार उडून लाकूड झिजलं होतं.

आईने त्या झिजलेल्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं. "किती वाजवलं असेल हो बाईंनी!"

"हं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने गलेफ वर ओढला.

दसरा झाल्यावर नोराचं पत्र आलं. नवीन वर्षात तिची बोट होती, ती वडिलांकडे कायमची चालली होती. नाताळात कल्याणला वसाहतीतल्या मैत्रिणीकडे उतरणार होती आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणार होती. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती, मम्मीची गिटार अजून आहे ना?

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि पुढच्या सुट्टीला गिटार घेऊन मुंबई गाठली. तिथल्या एका वाद्यांच्या दुकानदाराने पाहून सांगितलं की पुढची फळी बदलून टाकू, सगळी घासून काढू, वर पॉलिश मारू, नवी कोरी होईल, ओळखू यायची नाही. फक्त काम माघ-फाल्गुनात होईल. तोवर नोरा समुद्रात. अण्णा गिटार घेऊन परत आले, पण ते "नवी कोरी" त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दुसरीकडे कुठेतरी करून घेऊ, पण फळी नवी हवी.

आई म्हणाली, "अहो, त्या पोरीला आईची गिटार हवी आहे. नवी हवी असती तर दुकानातून नसती का घेतली तिने?"

"अशी झिजलेली वस्तू परत द्यायची? विल्फ्रेड काय म्हणेल?"

"मोडलंय ते जोडा. झिजलंय ते कशाला बदलता?"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

आमच्या घरात हे वाक्य फारसं बोललं जायचं नाही. आईच्या चेहऱ्यावर राग दिसेना, उलट ती काहीतरी दाबून धरल्यासारखी दिसली आणि आत निघून गेली. माझं मन आईच्या बाजूचं होतं. व्हरांड्यात वाजवणारा ग्रेसबाईंचा हात मी पाहिला होता. त्या हाताने झिजवलेली जागा रंधा मारून टाकायची, आणि वर ती त्याच बाईच्या मुलीला द्यायची, हे मला कसंतरीच वाटत होतं. पण अण्णांसमोर तसं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

माझ्या शाळेत चंपा नावाची शिक्षिका होती. ठाण्याजवळच्या कोलशेतची, आगरी घरातली, हसरी, धीट. मधल्या सुट्टीत मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमचा हिराजीमामा होड्या बांधतो. वाकलेलं लाकूड सरळ करण्यात त्याचा हात धरणारा नाही कोणी. रविवारी चल."

अण्णांना ते पटलं नाही, पण दिवस उरले नव्हते. त्यांनी मला दोनदा बजावलं, "त्यांना नीट सांग. पुढची फळी नवी. ते जमत नसेल तर निदान रंधा मारून झीज पूर्ण घालवायची. पूर्ण."

ठाण्याला उतरून माजिवड्यापर्यंत टांगा, पुढे पायी. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, त्यांत पाखरं उतरलेली. तान्ह्या बाळासारखी मी गिटार धरली होती. कोलशेतच्या अलीकडेच खाडीचा खारट वास आला. मिठागरांत नुकतं पाणी घेतलं होतं, आरशाचे तुकडे पसरल्यासारखं सगळं चमकत होतं. काठावर एक होडी पालथी घातलेली होती आणि तिच्या पोटाशी उकिडवे बसून हिराजीमामा फटीत कापूस ठोकत होते. काळे, कृश, केस पांढरेशुभ्र. त्यांनी हात धोतराला पुसले, गिटार घेतली, कानाशी धरून बोटाच्या पेराने टकटक वाजवली. मग इकडून, मग तिकडून. डॉक्टर तपासतात तशी.

"बरी हाय," ते म्हणाले. "सांधल मी. चीर बुजंल, दांडा सरल व्हईल, ही पट्टी बसंल."

"आणि मामा, पुढची फळी नवी घालायची आहे. वडिलांनी सांगितलंय."

"कनाला?"

"कशाला म्हणजे... झिजली आहे ना. नाहीतर निदान रंधा मारून झीज घालवायची."

"झिजली तं काय झाला? होरी पन वल्ह्याजवल झिजतं. म्हनून कोनी फली बदलतं? पानी आत आला तं बदलाची." मग त्यांनी गिटार उन्हाकडे तिरकी धरली आणि मला जवळ बोलावलं. "आनि बग मास्तरीन, हिच्यान झिजा दोन हाईत."

"दोन?"

"यी वरची. काली परलीय, घाम मुरलाय हिच्यान. जुनी हाय. आनि यी खालची बग, गोरी. यी नवी. पाच-सा वर्सांची आसंल. ह्यो हात येगला. ह्याचे आंगठ्याला नख हाय, ह्ये बग वरखरे."

मी वाकून पाहिलं. वरची झीज काळसर, गुळगुळीत. खालची फिकट, आणि तिच्यावर बारीक बारीक रेघा, अंगठ्याच्या नखाने ओढल्यासारख्या.

अण्णांच्या उजव्या अंगठ्याचं नख लांब होतं. तारेचे चिकटलेले कागद सुटे करायला लागतं, असं ते सांगायचे. आम्ही कधी दुसरा विचार केला नव्हता. आठवड्यातून तीन-चार दिवस त्यांची रात्रपाळी असायची, म्हणजे दिवसा ते घरी. मी शाळेत. आई दुपारी देवळात पुराण ऐकायला. चार वाजेपर्यंत घरात अण्णा, आणि भिंतीवर ती गिटार.

मी त्या पालथ्या होडीला टेकले आणि मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. चंपा विचारत राहिली, "काय गं, काय झालं?" मला सांगता येईना. टाचणी परत नेऊन देणारे माझे अण्णा! आणि फळी बदलायचा एवढा हट्ट कशासाठी, तर आपण हात लावल्याची खूण पुसायला. हसता हसता मला त्यांची दयाही आली. सहा वर्षं हा माणूस आपल्याच घरात चोरून वाजवत होता, आणि मी त्यांची मुलगी, मी एक सूर ऐकला नव्हता.

हिराजीमामा रंधा हातात घेऊन उभे होते. "बोल मास्तरीन. मारू का नको?"

मारला असता तर अण्णा सुटले असते. नोरासमोर त्यांची मान खाली गेली नसती. पण त्याच रंध्याखाली ग्रेसबाईंचा हातही गेला असता. आणि खरं सांगायचं तर, त्या घटकेला मला बाईंच्या झिजेपेक्षा अण्णांची झीज जास्त प्यारी वाटायला लागली होती. घरात अण्णांनी स्वतःच्या मौजेसाठी केलेलं दुसरं काही मी पाहिलेलंच नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "मोडलंय तेवढंच जोडा." वडिलांचा शब्द मी मोडला तो पहिल्यांदाच.

तीन रविवार मी कोलशेतला गेले. हिराजीमामांनी चिरेत सरस भरून गिटारीला सुती दोरीने आवळलं, दोरीखाली बारीक पाचरी ठोकल्या. दांड्याला गरम वाळूचा शेक दिला आणि सरळ पट्टीवर बांधून ठेवला. सकाळचं ऊन द्यायचे, दुपार झाली की सावलीत न्यायचे. मी घाई केली की म्हणायचे, "लाकूर घाईन सुकवलास तं परत फुटंल." चंपाच्या आईने प्रत्येक वेळी तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला घातलं. आमच्यासाठी मुद्दाम सुकटाशिवाय करायची आणि वर म्हणायची, "तुमी काय खातां गो, आमच्या पोटान तं ह्यान काय व्हईत नाय." त्या दिवसांइतकं उजळ आकाश मी नंतर पाहिलं नाही. कदाचित एकविसाव्या वर्षी आकाश तसंच असतं.

नाताळच्या तीन दिवस आधी मी गिटार घरी आणली. अण्णांनी नाडी सोडली. चीर बुजली होती, बोटाला लागतही नव्हती. घोडी पक्की बसली होती. आणि दोन्ही झिजा जिथल्या तिथे.

"फळी?" अण्णांनी विचारलं.

"मामा म्हणाले, बदलायची गरज नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांनी हात सदऱ्याच्या खिशात घातला. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेताना मला दिसलं, अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलेलं होतं.

नोरा आली ती निळ्या फ्रॉकात, वर पांढरा स्वेटर, हातात केकचा डबा. अंगाने आईसारखी, हसणं मात्र विल्फ्रेडसाहेबांचं, खालच्या काकूंच्या खोलीपर्यंत पोचणारं. आई आत स्वयंपाकात होती, वालाची उसळ आणि शिरा. अण्णा इस्त्रीचा कोट घालून, शाळा तपासायला साहेब आल्यावर मास्तर बसतात तसे खुर्चीच्या टोकावर बसले होते. मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

तिने गलेफ काढला. वरच्या काळसर जागेवर तिने तळवा टेकला, मग तिथेच गाल टेकला. "मम्मी," एवढंच म्हणाली. मग ती ताठ बसली, डोळे पुसले, आणि तिचं बोट खाली सरकलं. थांबलं.

"अंकल, ये किसका है? ये तो पहले नहीं था."

अण्णा उभे राहिले. डिसेंबरात त्यांच्या कपाळावर घाम. "बेटी," ते म्हणाले, "हमने तुम्हारा डॅडी को बोला था, हात नहीं लगाएगा. हम झूट बोला. पहले खाली तार पुसा. फिर एक बार छेडा. फिर..." पुढे त्यांना हिंदी सुचेना. "राहवलं नाही," ते मराठीत म्हणाले आणि खाली बसले.

नोराने पर्समधून एक घडी केलेलं पत्र काढलं. ते वाचता वाचता ती हसत होती आणि रडतही होती. "डॅडी क्या लिखता है, सुनो. नोरा, गिटार अगर खाली सँभालके रखा है, तो ले आना. लेकिन तारबाबू ने बजाया है, तो उधर ही छोड़ देना. वो मेरे घर में चाय ठंडा करके तेरी मम्मी का हाथ देखता था. मेरे को मालूम है, वो बजाएगा." तिने पत्र मिटलं आणि गिटार उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवली. "मेरे को तो बजाना आता भी नहीं, अंकल. मम्मी का वो डान्सवाला सुनाओ. एक बार सुनके जाती."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, चार दिवसांत पहिल्यांदा. मी मान हलवली. त्यांनी कोट काढला, खुंट्या पिळल्या, कान लावून तारा जुळवल्या. ते सगळं इतकं सराईतपणे की मी पाहतच राहिले. आणि मग त्या खोलीत, जिथे मी सहा वर्षं अभ्यास केला होता, तिथे कोंबड्यांच्या व्हरांड्यातली ती चाल सुरू झाली. नख नसल्यामुळे सूर मऊ येत होते. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, अशी ती डुलणारी चाल. नोरा पायाने ठेका धरायला लागली. खालच्या काकू जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येऊन पोचल्या होत्या.

अर्ध्यावर अण्णा अडखळले. पुन्हा मागून आले, पुन्हा तिथेच अडखळले. तारांवर हात ठेवून ओशाळं हसले. "पुढचं नाही येत."

"येतं की," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. "श्रावणात तर अख्खं वाजवत होतात."

अण्णांचा हात तारांवर तसाच राहिला. "तुला... तुला कसं माहीत?"

"पुराण दोनला संपतं. चार वाजेपर्यंत मी कुठे असते असं वाटत होतं तुम्हाला?" आईने पदराला हात पुसले. "जिन्यात बसते. या काकू मला पाट आणून देतात."

काकूंनी दारातून जोरजोरात मान हलवली. नोराने मला विचारलं, "आंटी क्या बोली?" मी सांगितलं, आणि ती तिच्या वडिलांसारखी अशी हसली की रस्त्यावरच्या गवताच्या गाडीचे बैल दचकले असतील. अण्णांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी तेही हसले, डोळे मिटून, खांदे हलवत. मग त्यांनी ती चाल अगदी पहिल्यापासून धरली, आणि आई बाहेर येऊन, सहा वर्षांत प्रथमच, त्यांच्या समोर बसली.